पुरात बुडालेली, गंजलेली फियाट - दीड लाखात उभी राहील का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी,
आमच्याकडे काकांची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे. पांढरी, पेट्रोल, स्टिअरिंगला गिअर. घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला त्यात ती पूर्ण बुडाली होती. पाणी ओसरल्यावर काकांनी पाइपने धुवून घेतली, ताडपत्री टाकली आणि तेव्हापासून ती तशीच शेडमध्ये उभी आहे. काका आता नाहीत. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला, काकू म्हणते तू काही करणार असशील तर कर नाहीतर मी देऊन टाकते, रोज बघवत नाही.

स्थिती सांगतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, मॅट उचललं की खालची जमीन दिसते. दोन्ही बाजूंच्या रनिंग बोर्डांचे खालून पापुद्रे सुटतायत. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याला भोक. दारांच्या खालच्या कडा फुगल्यात. इंजिन जाम, चाकंही जाम. पण काचा, ग्रील, बंपर, मीटर, दिवे सगळं जागेवर आहे, एक वस्तू चोरीला गेलेली नाही.

बजेट दीड लाख, तेही एकदम नाही, दर महिन्याला थोडे थोडे. कुठल्या शोमध्ये न्यायची नाहीये. काकूला पुढच्या सीटवर बसवून परशुरामला दर्शनाला जाऊन यायचं, एवढीच इच्छा. एका गॅरेजवाल्याने फुल बॉडी डेंटिंग-पेंटिंगचे सत्तर हजार सांगितले, "नवी करून देतो" म्हणाला. मला वाटतंय आधी रंग करून घेतला तर गंज तरी थांबेल, बाकीचं मग हळूहळू. बरोबर आहे का हे?

गण्या_गिअरवाला
मॅट उचललं की जमीन दिसते म्हणजे ब्रेक नाही लागले तर पाय टेकवायची सोय आहे हो! गंमत करतोय दादा. फोटो टाका, खालून काढलेले पण.

जुनाट
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पुरातली गाडी म्हणजे पैशाची विहीर. दीड लाखात चालती फियाट शोधली तर मिळेल, तिच्यात काकूंना बसवा आणि या गाडीचे भंगारात येतील ते पैसे घ्या. भावना वेगळ्या आणि पत्रा वेगळा.

शेवंता
@जुनाट, चालती मिळेल, पण तिच्या पत्र्याखाली काय आहे ते कसं कळणार? विकायला काढलेल्या बऱ्याच फियाटींचे रनिंग बोर्ड लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेले असतात. लोहचुंबक घेऊन जा आणि बघा, कितीतरी ठिकाणी चिकटतच नाही. इथे निदान गंज डोळ्यांना दिसतोय, आणि सुटे भाग सगळे जागेवर आहेत ही फार मोठी गोष्ट आहे, ग्रील आणि ट्रिम शोधण्यातच लोकांची वर्षं जातात.

वाशिष्ठीकाठ, मी आणि बाबांनी मिळून पुण्यात १९६७ ची ११००डी (पद्मिनीच्या आधीची फियाट) उभी केली, बराचसा भाग घरासमोरच्या पार्किंगमध्ये. त्यामुळे हात जोडून सांगते, रंग सगळ्यात शेवटी! सत्तर हजारात तो माणूस भोकांवर फायबर किंवा पातळ पत्रा चिकटवणार, वरून लांबी, वरून रंग. गंज आतून बाहेर येतोय, बाहेरून रंग देऊन तो थांबत नाही, उलट झाकला जातो. एक पावसाळा गेला की फोड यायला लागतील. किडलेल्या दाढेवर वरून चांदी भरण्यातला प्रकार आहे हा.

आणि दुसरं, या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. बॉडी हीच चॅसिस. दाराखालचे रनिंग बोर्ड दिसायला नुसती पट्टी वाटतात पण ते आतून पोकळ बॉक्स आहेत आणि गाडीचा कणा तेच आहेत. ते गेले की गाडी मधे खचते, मग दारं लागत नाहीत. आज एक करा, चारही दारं उघडून बंद करून बघा. दार कुलपाच्या बाजूला खाली येतंय का, फट वरून खालपर्यंत सारखी आहे का. त्यावरूनच कळेल गाडी वाचवण्यासारखी आहे की नाही.

रसायनी
शेवंताताईंशी प्रचंड सहमत. पुराबद्दल थोडं लिहितो, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो म्हणून.

पाणी वाळतं, गाळ वाळत नाही. म्हणजे वरून वाळलेला दिसतो पण बॉक्सच्या आत बसलेला बारीक गाळ ओल धरून ठेवतो, प्रत्येक पावसाळ्यात हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो. त्यात पुराचं पाणी शहरातून आलेलं, म्हणजे क्षार, सांडपाणी, काय काय. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो आणि क्षार असले की ते काम भराभर होतं. त्यामुळे काकांनी बाहेरून धुतलेली गाडी आतून गेली काही वर्षं गंजतच राहिलीय. पहिलं काम फुकटातलं आहे, गाळ बाहेर काढा. रनिंग बोर्डांना आणि दारांना खाली पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती गाळाने बुजलेली असणार. तारेने मोकळी करा, वरच्या बाजूने पाइप घालून पाणी मारा, खालून गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत मारत राहा. मग कडक उन्हात दारं उघडी ठेवून आणि ब्लोअर मारून वाळवा. हे उन्हाळ्यातच करा, दमट हवेत नाही.

गण्या_गिअरवाला
चिपळूणला दमट नसलेली हवा कुठल्या महिन्यात असते सर?

रसायनी
मार्च-एप्रिलची दुपार चालेल :)

लोटेवाला
मी लोट्याला फॅब्रिकेशनचं काम करतो, म्हणजे तुमच्यापासून जवळच. पत्र्याबद्दल सांगतो.

आधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने रनिंग बोर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगल्या पत्र्याला टण्ण आवाज येतो. गंजलेल्या पत्र्याला भद्द येतो, आणि मुठीऐवजी टोक लावलं की ते आत जातं. जिथे भद्द येतं तिथे खडूने खूण करा. खूण संपते तिथून अजून चार बोटं पुढे कापायचं, कारण चांगला दिसणारा पत्रा कडेला कागद झालेला असतो आणि त्यावर वेल्डिंग धरत नाही, नुसती भोकं पडत जातात.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा काळा-करडा) घ्या, रनिंग बोर्ड आणि जॅक लावायच्या जागेला १८ गेज, फ्लोअरला २० गेज चालतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा स्वस्त पडेल म्हणून कोणी सुचवेल, गंजत नाही म्हणेल. पण त्याचं वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, बंद शेडमध्ये तो छातीत गेला की रात्री ताप भरतो. आणि वेल्डिंग नीट बसतही नाही. साध्या आर्क वेल्डिंगवाल्याला गाडी देऊ नका, ग्रिलची गेटं करणारा माणूस चांगला असेल पण एवढ्या पातळ पत्र्याला त्याचा रॉड आरपार जातो. सीओटू वेल्डिंग (गॅस आणि बारीक तारेचं) पाहिजे. आणि सलग ओढायचं नाही, एक टाका इथे, एक टाका वीतभर लांब, मग परत मधे, असं करत करत जायचं नाहीतर पत्रा हीट घेऊन वाकतो.

सगळ्यात महत्त्वाचं, रनिंग बोर्ड कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून तो दोन्हीकडे टाके मारून पक्का करा. गाडी चार ठिकाणी खालून सारखी टेकवलेली पाहिजे. पाइप न टाकता कापलं तर बॉडी बसते आणि तशीच वेल्ड होते, मग आयुष्यभर दार आपटून लावा. एका वेळी एकच बाजू कापा.

जुनाट
@लोटेवाला, सांगताय ते सगळं खरं, पण हे सगळं करायला मजुरी किती? म्हणूनच म्हटलं विहीर.

लोटेवाला
पत्रा किलोवर मिळतो, दोन्ही रनिंग बोर्ड, फ्लोअर आणि डिकी धरून पत्र्याला फार पैसे लागत नाहीत. पैसे मजुरीला लागतात आणि मजुरीतला निम्मा वेळ उघडण्यात, खरडण्यात आणि साफ करण्यात जातो. तो भाग मालकाने स्वतः केला तर बिल खूप खाली येतं. सीट, मॅट, ट्रिम, दारांचे पॅड काढा, खालचं डांबर खरडा, खुणा करा आणि मग वेल्डरला बोलवा. चष्मा आणि चांगला मास्क लावूनच, जुन्या रंगात शिसं असतं, ग्राइंडर मारलं की धूळ नाकात.

टोरोंटोकर
धागा वाचून अगदी राहवलं नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज हा इथला राष्ट्रीय विषय आहे. इथले लोक दर वर्षी थंडीच्या आधी गाडीच्या पोकळ भागांत तेल फवारून घेतात. पातळ, रेंगाळत पसरणारं तेल असतं, दारांच्या आत, रनिंग बोर्डांच्या आत, सगळ्या सांध्यांत शिरतं. वेल्डिंगचं काम झाल्यावर आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही तिथे हाच उपाय. तुमच्याकडे कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत मारायचं मेण) मिळेल, नळी लावून फवारायचं. वेल्डिंग केलेल्या जागेचा आतला रंग जळून जातो त्यामुळे नवा गंज तिथूनच सुरू होतो, हे विसरू नका.

सातारी_कंदी
आमच्याकडे सगळे ट्रकवाले खालून जळकं ऑइल मारतात, फुकट मिळतं. चालेल की.

टोरोंटोकर
पत्र्याला चालेल हो, पण रबरी बुश आणि ब्रेकचे होज जळक्या ऑइलने फुगतात, आणि ते ठिबकून जमिनीत जातं. पुढे बुश बदलायचा खर्च त्यापेक्षा जास्त.

सातारी_कंदी
वीस वर्षं मारतोय, एक बुश गेला नाही. असो. तुमचं चालू द्या.

उद्यमनगरी
कोल्हापूर उद्यमनगरातून. इंजिनाचं बघूया.

जाम झालेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. लगेच गाडी ओढून गिअर टाकून चालू करायला जाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी! पिस्टन रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा, भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल अर्धं अर्धं मिसळून सोडा, आठवडाभर तसंच ठेवा, मधे मधे परत सोडा. मग क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हाताने हलवा, आधी थोडं उलट, मग सुलट. हललं की अर्धी लढाई जिंकली. इंजिनाच्या चेंबरमधलं ऑइल, गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल हे तिन्ही काढून बघा. पाणी शिरलं असेल तर चहाच्या रंगाचं निघेल, ते सगळं बदलायचं, फ्लश करून.

इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. हे सगळं काम कुठलाही चांगला लेथवाला डोळे झाकून करतो. सिलिंडरला खड्डे पडले असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो. हेड अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून ते काढताना सगळे नट थोडे थोडे, आडवे-तिडवे सैल करा, आणि काढल्यावर फेसिंग (तळ सपाट) करून घ्या. कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे आमच्याकडे इंजिन पाठवलंत तरी काम होईल, पण मला विचाराल तर चिपळुणातच एखादा जुना मेस्त्री शोधा, काही अडलं तर तो रोज हाताशी असतो.

वाशिष्ठीकाठ
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंताताई, दारं तपासली. मागची दोन्ही मस्त लागतात, फट सारखी आहे. पुढचं ड्रायव्हरचं दार थोडं खाली आलंय, पण बिजागरी पण सैल आहे त्यामुळे नक्की कशामुळे ते कळत नाही. रसायनी सर, तुम्ही म्हणालात तसं तारेने भोक उकरलं तर आतून खरंच मऊ काळा गाळ आला, ओला!! एवढ्या वर्षांनी. काकू बघत होती, तिला एकदम रडू आलं, पुराच्या रात्रीची आठवण झाली.

नलूमावशी
काकूंना नमस्कार सांग रे. तुझं काम होणार, मी सांगते.

शेवंता
बिजागरीची पिन खालीवर हलवून बघ. दार हाताने वर उचललं की पिनपाशी हलत असेल तर बिजागरी, आणि पिन घट्ट असून दार खाली असेल तर बॉडी. मागची दोन्ही नीट लागतायत म्हणजे मला तरी आशा वाटते.

खिडकी_नंबर_५
तुम्ही सगळे पत्र्यात अडकलात, कागद कोणी विचारलेच नाहीत. पाना उचलायच्या आधी आरसी बघा.

१९८३ ची खाजगी गाडी, म्हणजे १९९८ पर्यंत पहिली पंधरा वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००३, २००८, २०१३, २०१८ झालं असेल तर पुढची मुदत २०२३ ला संपली, आणि गाडी तेव्हा शेडमध्ये पडून होती, म्हणजे झालेलं नसणार. उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याला मोटारीसाठी पाचशे रुपये जादा लागतात, हे मीटर रोज चालू आहे. शिवाय वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार झालीय, आधी पाच होती. वर पर्यावरण कर. आणि काका गेले म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायचं, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती वगैरे. नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, पीयूसी, इन्शुरन्स वेगळे. दीड लाखातले तीसेक हजार बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात काय होतं ते बघा.

अजून एक. वेल्डर किंवा पेंटर यांना चॅसिस नंबर कोरलेल्या जागेला हात लावू देऊ नका. आजच पेन्सिलने त्यावर कागद घासून ठसा घ्या, फोटो काढा. नंबर ग्राइंड झाला किंवा लांबीखाली गेला तर तपासणीत गाडी अडकते आणि मग जे हेलपाटे सुरू होतात ते विचारू नका. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो, म्हणून पांढरा तो पांढराच ठेवा.

गण्या_गिअरवाला
व्हिंटेजमध्ये टाकली तर? नंबरप्लेटवर व्हीए येतं ना, भारी दिसतं.

खिडकी_नंबर_५
व्हिंटेजला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, ही २०३३ ला होईल. शिवाय २०२१ च्या त्या नियमांत नव्या नोंदणीला वीस हजार आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. परशुरामला दर्शन बसत नाही त्यात.

कुर्लेकर
आमचे वडील कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते, त्यामुळे विषयांतर करतोय, माफ करा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, सोलापूरचे ते. फियाटची ११०० पन्नासच्या दशकात इथे जुळू लागली, ११००डी १९६४ ला आली, मग १९७० च्या दशकात तिचीच प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. गाडी तीच, नाव वेगळं. त्या काळात बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक, घरात फियाट आली की पेढे वाटायचे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची बाद झाली. तिच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम प्रभादेवीला उभा होतो बघायला.

मुद्द्यावर येतो. एवढ्या टॅक्सी होत्या म्हणूनच सुट्या भागांचं अजून बरं आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर, चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात फिरा. ब्रेक किट, क्लच प्लेट, वॉटर पंप, कार्ब्युरेटर किट हे मिळतं. टॅक्सीचे भाग झिजलेले असतात, पण बिजागऱ्या, काचेचे रेग्युलेटर, हँडल असल्या वस्तू तपासून घेतल्या तर स्वस्तात काम होतं. रबरं मात्र जुनी घेऊ नका. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डखालून फ्लोअरवर जातं, तुमच्या ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पुराआधीच थोडा गेलेला असेल असा माझा अंदाज आहे.

शेवंता
कुर्लेकर, सुंदर प्रतिसाद. आमच्या ११००डीचंही तेच झालं होतं, गळती काचेच्या रबराची आणि सगळे दोष देत होते फ्लोअरला.

भाताचंशेत
ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल घालणार का या गाडीत? जुन्या गाड्यांची वाट लागते म्हणतात.

सातारी_कंदी
माझी जुनी जीप चालते बिनधास्त. उगाच घाबरवतात.

रसायनी
दोन्ही टोकं सोडूया. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करतं किंवा फुगवतं, हे खरं आहे. गाडी रोज चालली तर फार जाणवत नाही. महिना महिना उभी राहिली तर टाकीत तळाला पाणी साठून आतून गंज धरतो. म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलताना इथेनॉलला टिकणारे घ्या, पेट्रोल पंप इंजिनावर चालणारा मेकॅनिकल आहे, त्याचा डायफ्रॅम नवा टाका, पाइपात छोटा पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे टाकीतून काय येतंय ते दिसेल. आणि टाकी भरून गाडी शेडमध्ये ठेवू नका.

टाकी काढलीत की त्यात लिंबूसत्त्वाचं गरम पाणी आणि मूठभर नट टाकून हलवत राहा, एक दिवस मुरू द्या, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. छोट्या लोखंडी वस्तूंसाठी, म्हणजे कंस, बिजागऱ्या, लॅच, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढता येतो. वस्तूला ऋण टोक, बाजूला लोखंडाचा भंगार तुकडा लावून त्याला धन टोक. स्टीलचा चमचा किंवा ताट धन बाजूला अजिबात लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. वायू हायड्रोजन असतो, मोकळ्या हवेत करा. स्प्रिंगा यात टाकायच्या नाहीत, ठिसूळ होतात.

लोटेवाला
टाकीवरून आठवलं. टाकीला भोक असेल तर तिला वेल्डिंग करायला कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते. आमच्या भागात एक जण अशाने कायमचा भाजलाय. पॅचचं केमिकल वापरा किंवा दुसरी टाकी शोधा.

उद्यमनगरी
+१. जिवाशी खेळ नको.

भाताचंशेत
ब्रेकबद्दल कोणीच लिहिलं नाही?

शेवंता
मी लिहिणारच होते. चारही चाकांना ड्रम आहेत, हायड्रॉलिक. पुरात बुडाल्यावर ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात म्हणून चाकं जाम असतील. ड्रमवर घण घालू नका, फुटेल. शू आत ओढायचे अॅडजस्टर सैल करा, पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, ड्रमच्या कडेने लाकडाच्या ठोकळ्यावर हळू हळू ठोकत फिरवा. मग व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे रबरी होज आणि पत्र्याच्या ब्रेक लाइनी, सगळं बदलायचं, नुसत्या रबर किटवर भागवायचं नाही. सिलिंडरच्या आत खड्डे पडलेले असतील तर नवं रबर दोन महिन्यांत कापलं जातं. मास्टर सिलिंडर एका सर्किटचा निघाला तर एक पाइप फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. परशुराम घाटात हे नकोच.

जुनाट
आता सगळं वाचून आकडा मांडतो, सगळं हजारांत. कागद तीस. ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग वीस. पत्रा मालकाने स्वतः राबून पंचेचाळीस. इंजिन नुसतं मोकळं झालं तर वीस, बोअर करावं लागलं तर चाळीस. पाच टायर, बॅटरी, वायरिंग, रबरं मिळून तीस. झाले दीड लाख, जास्तच. रंगाला शिल्लक शून्य. मी म्हटलं ते चूक कुठे आहे?

शेवंता
चूक नाहीये, आकडे बरोबरच आहेत. पण त्यात रंग नाही म्हणून गाडी उभी राहत नाही असं कुठे आहे? नवीन पत्र्याला इपॉक्सी प्रायमर मारला, वरून ब्रशने किंवा छोट्या कॉम्प्रेसरने पांढरा मारला, तपासणी पास होते आणि गाडी चालते. चकाकी दोन वर्षांनी. बाहेरचा जुना पांढरा रंग जिथे धरून आहे तिथे तसाच राहू द्या, तो काकांनी पुसलेला रंग आहे.

लोटेवाला
साधा लाल रेड ऑक्साइड मारून महिनोन्महिने ठेवू नका एवढंच, तो पाणी पितो. प्रायमर मारला की लगेच वर रंग पाहिजे.

वाशिष्ठीकाठ
सगळे प्रतिसाद परत परत वाचले, काकूलाही वाचून दाखवले. बिजागरी तपासली, पिनच झिजलीय, बॉडी खचलेली नाही! पेंटरला नाही म्हणून सांगितलं. काकूच्या नावावर करायचा फॉर्म ३१ या आठवड्यात टाकतोय, दाखला घरात होताच. चॅसिस नंबरचा ठसा घेतला, अगदी स्पष्ट आलाय. मग गाळ आणि खरडणं मी आणि माझा आतेभाऊ मिळून मार्चपर्यंत संपवू, त्यानंतर पत्रा, त्यानंतर ब्रेक, आणि इंजिनात तोपर्यंत डिझेल मुरत राहील. लोटेवाले दादा, मार्चमध्ये एक दिवस येऊन खुणा बघून जाल का? जाण्यायेण्याचं आणि दिवसाचं मी देईन.

@जुनाट काका, तुमचा आकडा कागदावर लिहून शेडमध्ये चिकटवलाय, खर्च त्याच्या पुढे गेला की थांबायचं असं काकूने बजावलंय.

लोटेवाला
येतो. दिवसाचे पैसे नकोत, पत्रा कापायला सुरू कराल तेव्हा बघू. तोपर्यंत गाडी चार टायरांवर ठेवू नका, जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवा, ठोकळे पुढे सस्पेंशनच्या आणि मागे एक्सलच्या खाली, रनिंग बोर्डाखाली नाही.

जुनाट
चाकांच्या खर्चात थोडी बचत होईल. माझ्याकडे फियाटीचे चौदा इंची दोन रिम पडून आहेत, गंज नाही. पुण्याहून कोणी चिपळूणला जाणारं असेल तर सांगा, पाठवतो.

नलूमावशी
माझा भाचा शुक्रवारी जातोय, जुनाट भाऊ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.